घर पाहावे पारखून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेली आहे. या दोन कामांत माणसाची किती दमछाक होते, हे सांगण्यासाठी ती वापरतात. परंतु तिच्यात आणखी एक अर्थ दडलेला आहे, तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पूर्वी ज्याला घर हवे असे तो ते स्वतः उभे राहून बांधून घेत असे. पाया किती खोल गेला, चुना घाणीत किती दिवस मळला, विटा पुरेशा भिजवल्या की नाहीत, तुळईचे लाकूड सागाचे की आडजातीचे, हे सर्व त्याच्या डोळ्यांदेखत घडे. घर पुरे होईपर्यंत त्याची रया जाई हे खरे. पण घराच्या पोटात काय आहे, हे त्याला पक्के ठाऊक असे.

आज शहरात राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या नशिबी हे ‘बांधून पाहणे’ उरलेले नाही. आपण घर बांधत नाही. तयार घर विकत घेतो. रावपुऱ्यातील किंवा दांडिया बाजारातील जुन्या वाड्यातला आपला हिस्सा विकून गोत्री, वासणा, मांजलपूर अशा भागांत सदनिका घेणारी मराठी कुटुंबे आपल्या बडोद्यात पुष्कळ आहेत. घर पाहावयास जावे तो भिंतींना नवा रंग दिलेला असतो, लादी चकचकीत पुसलेली असते आणि दाखविणारा गृहस्थ गोड बोलत असतो. पाऊण तासात घर पाहून होते, संध्याकाळी घरात विचारविनिमय होतो आणि पुढील वीस वर्षे ज्याचे हप्ते फेडावयाचे, त्या वस्तूचा निर्णय होऊन जातो. मडके घेताना आपण ते टिचकी मारून वाजवून पाहतो, तांदूळ घेताना दोन दाणे दाताखाली धरतो, आणि आयुष्याची कमाई ज्यात घालावयाची त्या घराला मात्र नुसते डोळ्यांनी पाहतो! ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण आपल्याच पूर्वजांची आहे; पण वासा पोकळ आहे की भरीव, हे पाहण्याची तसदी आपण घेत नाही.

यावर उपाय एकच. घर घेण्यापूर्वी ते एखाद्या जाणत्या, विश्वासू आणि मुख्य म्हणजे स्वतंत्र अशा तपासनिसाकडून तपासून घ्यावे. इंग्लंड-अमेरिकेत ही प्रथा चांगली रुळली आहे. अमेरिकेत गृहतपासनिसांची एक राष्ट्रीय संस्था १९७६ सालीच स्थापन झाली. आपल्या देशात हा धंदा अद्याप नवा आहे. परंतु हे काम करू शकणारे स्थापत्य अभियंते, विशेषतः इमारतीच्या सांगाड्याचे तज्ज्ञ, प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. ते काय पाहतात, कसे पाहतात आणि ते स्वतंत्र असण्यावर एवढा भर का द्यावयाचा, याची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू होय.

‘आम्हा विद्यार्थ्यांना घरखरेदीशी काय कर्तव्य?’ असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, घर वडिलांनी घेतले तरी त्याच्या छताखाली झोपावयाचे सर्वांनाच असते. शिवाय या तपासणीतील अर्धेअधिक शास्त्र तुमच्या पदार्थविज्ञानाच्या व रसायनाच्या पुस्तकांतच आहे.

प्रथम घराला कोणकोणते रोग होतात ते पाहू. घराचा सर्वांत जुना शत्रू म्हणजे पाणी. गच्चीवरून झिरपणारे, न्हाणीघराच्या लादीखालून पाझरणारे, जमिनीतून भिंतीत चढणारे, असे ते तीन वाटांनी येते. विटा आणि गिलावा यांत अतिसूक्ष्म छिद्रे असतात. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे जमिनीतील पाणी या छिद्रांतून वर चढते. पाण्यात विरघळलेले क्षार त्याच्याबरोबर येतात, पाणी सुकले की मागे राहतात आणि भिंतीवर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसतात. यालाच आपण लोणा लागला असे म्हणतो. लोणा लागलेल्या भिंतीचे पोपडे काढून तिला नवा रंग दिला तर दोन-चार महिने ती अगदी निरोगी दिसते. म्हणूनच साऱ्या घराचा रंग जुना आणि एकाच भिंतीचा तेवढा ताजा असेल, तर जाणता तपासनीस तिथेच थबकतो. जुन्या वाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. चुन्यात बांधलेल्या भिंतीला आतील ओल बाहेर टाकता येते. तिच्यावर कोणी हौसेने सिमेंटचा गिलावा केला की ओलीची वाट बंद होते आणि ती आतल्या आत भिंत व लाकूड कुजवीत राहते. अशा वाड्यात तपासनीस खांबाचे बूड आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोके टोचून पाहतो. कारण कुजण्यास व वाळवी लागण्यास तिथूनच सुरुवात होते.

दुसरा रोग लोखंडाचा. आजची घरे सिमेंट-काँक्रीटची असतात. काँक्रीट दाब उत्तम सहन करते, पण ताण त्याला सोसत नाही. म्हणून ताण सोसण्याकरिता त्यात पोलादी सळया घालतात. चांगल्या, घट्ट काँक्रीटमध्ये हे पोलाद सुरक्षित राहते, याचे कारण रासायनिक आहे. सिमेंटपासून तयार झालेले द्रव्य तीव्र अल्कधर्मी असते, आणि अशा द्रव्यात पोलादावर एक पातळ संरक्षक थर बसतो. परंतु काँक्रीट सच्छिद्र राहिले असेल, त्यात पाणी फाजील घातले असेल, किंवा ओतल्यानंतर ते पुरेसे दिवस ओले ठेवले नसेल, तर हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि अल्कधर्म नाहीसा करीत जातो. तो सळईपर्यंत पोहोचला आणि जोडीला ओल मिळाली की पोलाद गंजू लागते. गंज हा मूळ पोलादाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. तो आतून रेटा देतो आणि काँक्रीटला सळईच्या रेषेने तडा जातो. पुढे ढलप्या पडतात व तांबडी सळई उघडी होते. खांबाला उभा तडा, त्यावर तांबूस डाग, हे लक्षण दिसले की ते वरवर सिमेंट थापून बरे होणारे दुखणे नव्हे, हे ओळखावे.

तिसरा रोग जमिनीचा. माळव्यापासून मध्य गुजरातेपर्यंत आणि दख्खनच्या मोठ्या भागात काळी माती आहे. कापसाला ती लाभते. घराच्या पायाला मात्र ती वैरीण. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. पाया या चंचल थरातच ठेवला तर घर दर वर्षी थोडे उचलले जाते व थोडे खचते. पण सर्व बाजूंनी सारखे नव्हे. मग खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या, पायऱ्या-पायऱ्यांसारख्या भेगा निघतात आणि दारे चौकटीत अडकू लागतात. प्रत्येक भेग भयंकर असते असे मात्र नाही. गिलाव्यावर केसाएवढी जाळी पडते ती बहुधा गिलावा सुकताना पडलेली असते. छताला लागून असलेली आडवी भेग पुष्कळदा उन्हाने छत प्रसरण पावल्यामुळे येते. भेग कोठे आहे, कोणत्या दिशेची आहे, किती रुंद आहे आणि वाढते आहे की थांबली आहे, या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून तज्ज्ञ तिचे मूळ ठरवितो. भेग जिवंत आहे की नाही हे पाहण्याची एक जुनी, सोपी युक्ती आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवून तारीख लिहून ठेवावयाची. काही आठवड्यांनी काच तडकली तर भेग अजून हलते आहे, असे समजावे.

चौथी गोष्ट घराच्या आतील नसांची, म्हणजे विजेच्या तारा व नळ यांची. विजेला जमिनीत उतरावयास नीट वाट दिली आहे काय, तारा जुन्या होऊन त्यांचे वेष्टण ठिसूळ झाले आहे काय, गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसविले आहे काय, हे पाहिलेच पाहिजे. माणसाला धक्का बसू नये म्हणून जे उपकरण घरात बसवितात, ते सामान्यतः ३० मिलिअँपिअर इतक्या अल्प गळतीलाही प्रवाह बंद करते. त्याच्यावर तपासणीची एक कळ असते. ती दाबून ते चालते की नाही हे क्षणात कळते. पण घर पाहावयास गेलेल्या किती जणांनी ती कळ दाबून पाहिली असेल?

आता हे सर्व तपासण्याची साधने पाहा. गवंड्याचा ओळंबा व पाणसळ ही आपणास ठाऊक आहेत. भिंत उभी सरळ आहे की कलली आहे, हे ओळंबा सांगतो. जमीन समतल आहे की नाही, हे पाणसळ सांगते. न्हाणीघरातले पाणी मोरीकडे वाहते की भिंतीकडे, हे तर एक बादली ओतून पाहता येते. लादीवर लाकडी दांड्याने हलके ठोकीत गेले तर जिथे खाली पोकळी असेल तिथे आवाज बदबद येतो. हीच मडके वाजवून घेण्याची रीत होय.

याहून सूक्ष्म साधनेही आहेत. स्वित्झर्लंडमधील अर्न्स्ट श्मिट या अभियंत्याने १९४८ च्या सुमारास एक हातोडा तयार केला. त्यात स्प्रिंगच्या जोराने एक वजन काँक्रीटवर आदळते आणि उलट उसळते. पृष्ठभाग जितका कठीण, तितकी उसळी मोठी; त्यावरून काँक्रीटच्या बळकटीचा अंदाज बांधता येतो. दुसरे साधन श्राव्यातीत ध्वनीचे. हवेतून ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. पण चांगल्या, भरीव काँक्रीटमधून तो सेकंदास चार किलोमीटरच्या आसपास धावतो. आत पोकळी किंवा तडे असतील तर त्याला वळसा घ्यावा लागतो व वेग घटतो. तिसरी कसोटी तर तुमच्या प्रयोगशाळेतलीच आहे. काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीनचा द्राव शिंपडतात. जिथे अल्कधर्म शिल्लक आहे तिथे गडद गुलाबी रंग येतो; जिथे तो नष्ट झाला तिथे रंग येत नाही. बाहेरून आत पाहत जाताना गुलाबी रंग सळईच्या अलीकडेच सुरू झाला तर पोलादाचे कवच शाबूत आहे, आणि सळईच्याही पलीकडे गेल्यावर दिसू लागला तर ते गेले, असे समजते. वर्गात ज्या द्रावाचे दोन थेंब टाकून आपण आम्ल व अल्क ओळखतो, तोच द्राव एखाद्या इमारतीचे आरोग्य सांगतो, हे किती नवलाचे आहे! अशा कसोट्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या व खासगी प्रयोगशाळांतून करून मिळतात. अर्थात प्रत्येक घराला त्या सर्व लागतात असे नाही. अनुभवी तपासनीस आधी डोळ्यांनी पाहतो आणि शंका आली तरच त्या सुचवितो.

आणि घराबाहेरही पाहावे लागते. बडोदेकरांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहराच्या अनेक वस्त्यांत शिरले होते. त्या पाण्याची खूण रंगाखाली झाकता येते. शेजाऱ्यांच्या स्मरणातून पुसता येत नाही. म्हणून चांगला तपासनीस जोत्याची उंची मोजतो आणि पाण्याचा निचरा कोणीकडे होतो ते पाहतो. शेजारी चौकशी करावयास तो लाजत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी २६ जानेवारी २००१ चा दिवस आठवावा. त्या सकाळी कच्छात सुमारे ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. भूजची व भचाऊची वाताहत झाली, ते तर केंद्राजवळचे गाव. परंतु केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेतही कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे त्यांखाली सापडली. त्याच रस्त्यावरच्या शेजारच्या इमारती मात्र उभ्या होत्या. असे का व्हावे? पुढे अभियंत्यांनी पाहणी केली तेव्हा तेच ते दोष पुनःपुन्हा आढळले. गाड्या ठेवण्यासाठी तळमजला भिंतींवाचून नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला. काही खांब खालपर्यंत न नेता मध्येच तुळईवर उभे केलेले. सळयांची बांधणी ढिली. गच्चीवर पाण्याचे जड हौद. त्या घरांत राहणारी माणसे आपल्यासारखीच होती. त्यांनीही घर घेताना रंग पाहिला होता, हवा-उजेड पाहिला होता, शाळा व बाजार किती दूर आहेत हे विचारले होते. मोकळा तळमजला तर सर्वांच्या डोळ्यांसमोरच होता. पण त्याचा अर्थ सांगणारा कोणी सोबत नव्हता.

भूकंपाचीही गरज असतेच असे नाही. आपल्या शहरातील अटलादरा भागात २८ ऑगस्ट २०१३ रोजी राहत्या इमारती कोसळून अकरा जणांचे प्राण गेले. त्याच वर्षी ४ एप्रिल रोजी ठाण्याजवळ मुंब्र्याच्या शीळफाटा भागात एक नवी बेकायदा इमारत पडून ७४ माणसे दगावली. गोव्यात काणकोण येथे ४ जानेवारी २०१४ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत खाली आली आणि तीस-एक मजूर गेले. ‘नवी इमारत आहे, तिला काय होणार?’ हा भरवसा किती पोकळ असू शकतो, हे या दुर्घटना सांगतात. अशा दुर्घटना नित्य घडत नाहीत, हे मान्य. बहुतेक सदोष घरे माणसांचा जीव घेत नाहीत. ती त्यांची बचत खातात. दर पावसाळ्यात गळणारे छत, दर दोन वर्षांनी काढावा लागणारा गिलावा, शेजाऱ्याशी पाझरावरून होणारी भांडणे, यांत संसाराचा पैसा आणि घराचे स्वास्थ्य दोन्ही झिजतात.

आता या विषयाचा गाभा पाहू. तपासनीस ‘स्वतंत्र’ का हवा? घरखरेदीच्या वेळी आपल्याभोवती जाणती माणसे काही थोडी नसतात. बांधणाऱ्याचा अभियंता असतो, दलाल असतो, कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यमापक असतो. यांतील कोणीही खोटा आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येकाच्या मनातील प्रश्न निराळा असतो. अभियंता ज्याचे वेतन घेतो त्याचे काम निर्दोष आहे असे सांगणे, हा त्याच्या नोकरीचा भाग होऊन बसतो. दलालाचे मोल व्यवहार पुरा झाला तरच मिळते. व्यवहार मोडणारी गोष्ट दाखवून त्याला काय लाभ? बँकेचा मूल्यमापक येतो तो मुख्यतः एवढेच पाहावयास की, कर्जदाराने हप्ते थकविले तर हे घर विकून बँकेचे पैसे वसूल होतील की नाही. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे घर बळकट ठरले, अशी पुष्कळांची समजूत असते, ती म्हणूनच बरोबर नाही. आपला प्रश्न वेगळा आहे: या घरात माझी माणसे सुखरूप राहतील काय, आणि त्यापायी पुढे किती खर्च निघेल? हा प्रश्न विचारणारा व त्याचे उत्तर देण्यासाठी आपल्याच हातून मोबदला घेणारा माणूस या साऱ्या मंडळींत एकही नसतो. तो आपल्यालाच आणावा लागतो.

सोन्याचे उदाहरण घ्या. सराफ कितीही प्रामाणिक असो, आपल्या दागिन्याचा कस त्याने स्वतःच ठरवावा हे बरे नव्हे, म्हणून हॉलमार्कची पद्धत आली आणि २०२१ च्या जून महिन्यापासून ती देशात टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली. तीत दागिना विकणारा वेगळा आणि त्याचा कस पाहणारे केंद्र वेगळे असते. हे वेगळेपण हाच त्या खुणेचा खरा अर्थ होय. तोळाभर सोन्याला जो न्याय, तो सबंध घराला का नसावा?

शिवाय बांधणाऱ्याला स्वतःच्या कामाचे नीट मूल्यमापन करता येतेच असे नाही. हा मनुष्यस्वभाव आहे. आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्याचा आराखडा करणारा मेजर चार्ल्स मँट हा १८८१ साली वारला. आपली गणिते चुकली असून राजवाडा कोसळणार, या भयाने त्याला अखेरीस ग्रासले होते, असे सांगतात. पुढे रॉबर्ट चिझम याने काम पुरे केले आणि १८९० मध्ये राजवाडा तयार झाला. तो आजही दिमाखाने उभा आहे. आख्यायिकेत तथ्य किती हे सोडून दिले, तरी तिच्यातील बोध लाखमोलाचा आहे. कर्ता आपल्या कामावर फाजील विश्वास ठेवील किंवा फाजील शंका घेईल. तटस्थ डोळाच त्याला खरे काय ते सांगू शकतो. योगायोग असा की, ज्या कलाभवनाने पिढ्यान् पिढ्या असे तज्ज्ञ घडविले, त्याची स्थापनाही १८९० सालीच झाली.

मग विश्वासू तपासनीस ओळखावा कसा? त्याच्या काही खुणा सांगता येतील. तो विक्रेत्याने किंवा दलालाने सुचविलेला नसावा. त्याचे मानधन आधी ठरलेले असावे आणि ते व्यवहार होवो वा न होवो, सारखेच असावे. त्याने दोष दाखवून दुरुस्तीचे कंत्राट स्वतःच मागू नये. नाहीतर जितके दोष अधिक तितका त्याचा लाभ अधिक, आणि मग निरोगी घरही आजारी ठरेल. त्याचे शिक्षण, अनुभव व नगरपालिकेकडील नोंदणी विचारण्यात संकोच धरू नये. तपासणीच्या वेळी त्याने आपणास बरोबर येऊ द्यावे आणि ‘हे असे का?’ या प्रश्नाला समजेल अशा भाषेत उत्तर द्यावे. सर्वांत शेवटी, त्याचा अहवाल लेखी व छायाचित्रांसह असावा. त्यात काय पाहिले याप्रमाणेच काय पाहता आले नाही हेही नमूद असावे. ज्याला काहीच अज्ञात नाही असा तपासनीस भेटला, तर त्याच्यापासून दूर राहावे हे बरे. भिंतीच्या पोटातले सारे कोणालाच दिसत नाही. अहवाल हा जाणकाराचा अभिप्राय असतो, विम्याची पावती नव्हे. वैद्य नाडी पाहतो म्हणून माणूस अमर होत नाही. पण म्हणून कोणी वैद्याला टाळीत नाही.

कायदा आपल्या पाठीशी नाही काय? आहे, परंतु त्याची मर्यादा समजून घ्यावी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण ग्राहकास ठाऊक नसलेला, आणि साधारण काळजी घेऊनही ग्राहकास कळू शकला नसता असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. याचा दुसरा अर्थ असा की, जो दोष साधारण काळजीने दिसला असता, तो न पाहिल्याचा भार ग्राहकाच्याच माथी येऊ शकतो. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने, ज्याला लोक ‘रेरा’ म्हणतात, नव्या घरांच्या बाबतीत मोठा आधार दिला. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधणीत किंवा कारागिरीत दोष आढळून तो कळविला, तर बांधणाऱ्याने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. पण दोष आहे हे मुदतीत कळले तर ना! म्हणून नव्या घराचीही तपासणी दोनदा करावी: एकदा ताबा घेण्यापूर्वी आणि एकदा ही पाच वर्षे पुरी होण्याच्या आधी. जुने घर एका मालकाकडून दुसऱ्याने घेतले, तर हा आधार बहुधा मिळत नाही. तिथे तपासणीची गरज अधिकच. मालकीहक्काची कागदपत्रे पाहणे हे मात्र वकिलाचे काम आहे. एकाची तपासणी दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

तपासणी केव्हा करावी, हेही महत्त्वाचे आहे. साठेखत, म्हणजे गुजरातेत ज्याला बानाखत म्हणतात ते, करण्यापूर्वी ती व्हावी. नाहीतर ‘तपासणी समाधानकारक झाल्यास’ अशी अट त्यात घालून घ्यावी. शक्य असेल तर पावसाळ्यात किंवा तो सरताच घर पाहावे, कारण वैशाखात सगळीच छपरे कोरडी असतात. सदनिका असेल तर आपल्या चार भिंतींपुरते पाहून भागत नाही. पाया, खांब, गच्ची, पाण्याच्या टाक्या ही सर्वांची सामाईक असतात; ती पाहण्याची परवानगी सोसायटीकडून मागावी आणि पूर्वी इमारतीची तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल पाहावा. अहवाल हाती आला की तीन वाटा मोकळ्या होतात: दोष किरकोळ असतील तर त्यांचा खर्च धरून किंमत ठरविणे, विक्रेत्याकडून आधी दुरुस्ती करून घेणे, आणि दोष गंभीर असतील तर हात जोडून निघून येणे.

‘विक्रेता रागावेल, दुसरे गिऱ्हाईक घर घेऊन जाईल’ ही भीती पुष्कळांना वाटते. जो विक्रेता तपासणीचे नाव काढताच रागावतो, त्याने आपणास एक गोष्ट फुकट सांगितली असे समजावे. प्रामाणिक विक्रेत्याला तर अशा अहवालाचा लाभच होतो, कारण त्याच्या शब्दाला तिऱ्हाइताची साक्ष मिळते. राहिला खर्चाचा प्रश्न. लाखो रुपयांच्या व्यवहारात मुद्रांक, नोंदणी, दलाली, रंगरंगोटी, वास्तुशांत आणि पंगत या सर्वांसाठी आपण पैसे काढतो. त्यांच्या मानाने तपासनिसाचे मानधन थोडे असते. वास्तुशांत अवश्य करावी. पण वास्तू शांत राहावी असे वाटत असेल, तर तिचे खांबही एकदा पाहून घ्यावेत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण पुढे अभियंते होतील. तेव्हा ज्याचे मानधन घ्याल त्याला अप्रिय सत्य सांगण्याचे धैर्य अंगी बाणवा. बाकीचे सर्व जण केव्हा ना केव्हा घर घेतील. तोपर्यंत एवढे करा: येत्या पावसाळ्यानंतर आपल्याच घरातून डोळे उघडे ठेवून एक फेरी मारा. ओल कोठे आली, भेग कोणत्या दिशेला गेली, न्हाणीतले पाणी कोठे साचते, हे वहीत तारखेसह टिपून ठेवा आणि वडीलधाऱ्यांना दाखवा. विजेच्या तारांना मात्र हात लावू नका. ते काम जाणकाराचे. दर वर्षी अशी नोंद ठेवली तर घराचे दुखणे लहान असतानाच कळेल. आणि घरात कधी नव्या जागेची बोलणी निघाली, तर नम्रपणे एवढे अवश्य विचारा, ‘बाबा, हे घर आपल्या बाजूने कोणी तपासले आहे का?’ तो एक प्रश्न वेळेवर विचारला गेला, तर या लेखाचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.